चार अध्यापकांचे पत्र

आज कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात गेले असता कार्यालयाच्या भिंतीवर, शुल्काच्या व परीक्षांच्या सूचनांशेजारी, एक कागद बहुधा आढळतो. त्यावर 'अंतर्गत तक्रार समिती' असे शीर्षक असते व खाली पाचसात नावे आणि दूरध्वनीचे क्रमांक असतात. येणारेजाणारे विद्यार्थी त्याच्याकडे क्वचितच पाहतात आणि मुलीला प्रवेश मिळवून देण्यासाठी आलेले आईबाप तर मुळीच पाहत नाहीत. ज्या मुलीवर प्रसंग गुदरतो तिला मात्र तो कागद एकाएकी दिसू लागतो. हा कागद तेथे कसा आला याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो येथे सांगावा असे आम्हांस वाटते, कारण त्याचा आरंभ कोणत्याही विद्यापीठात झालेला नाही. विद्यापीठाशी ज्यांचा काडीमात्र संबंध नव्हता अशा दोन स्त्रियांच्या दुःखातून तो झाला आहे, आणि त्यांतली पहिली आपल्या मराठी मुलखातली होती.

तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत मोडणाऱ्या देसाईगंज या गावी, २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला तिच्या माणसांसह पोलीस ठाण्यात जबानीसाठी आणले होते. मुलगी पोरकी व मोलमजुरी करणारी असून डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. जबान्या झाल्यावर बाकीच्यांना जाण्यास सांगण्यात आले आणि तिला ठेवून घेण्यात आले. ठाण्यातील दोघा शिपायांवर तिने फिर्याद केली. १९७४ साली सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा मुक्त केले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचेही दिसत नाही, तस्मात् तिची संमती होती असे मानावे लागते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा खटला सर्वत्र त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. कायद्याच्या ग्रंथांतही तसाच उल्लेख असतो. आम्ही ते नाव येथे छापीत नाही. पुढे याच खटल्यामुळे असा कायदा झाला की अशा पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला, आणि जिच्यामुळे तो झाला तिला तेवढा त्याचा लाभ मिळू नये हे आम्हांस विपरीत वाटते.

निर्णय लागला आणि वर्षभर कोणी ब्र काढला नाही. निकालपत्रांच्या जाडजूड खंडांत तो जाऊन बसला. विधी शिकविणाऱ्या अध्यापकांना मात्र ते खंड वाचावेच लागतात. १६ सप्टेंबर १९७९ रोजी, म्हणजे निकालाला एक वर्ष व एक दिवस झाल्यावर, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार विधिप्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. लोतिका सरकार या दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवीत आणि भारतीय स्त्रीच्या स्थितीचा शोध घेणाऱ्या ज्या समितीचा अहवाल १९७४ साली सिद्ध झाला तिच्या त्या सदस्य होत्या. वसुधाताई पुण्याच्या. नोकरीत स्थिर असलेल्या अध्यापकांनी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला तुमचा निर्णय चुकला असे उघडपणे सांगणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पत्राची भाषा विनयाची होती, पण त्यातला प्रश्न झोंबणारा होता. संमती आणि निरुपाय यांत काही भेद आहे की नाही? रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या ठाण्यात, गणवेशातल्या दोन माणसांपुढे एक गरीब व अशिक्षित पोर गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा करावयाचा काय? शिवाय स्त्रीला अशा रीतीने ठाण्यात बोलावणे हेच मुळी कायद्याच्या विरुद्ध असताना निकालपत्रात त्याबद्दल निषेधाचा एक शब्दही नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. मुलीचे वय, तिचे दारिद्र्य, आपले हक्क काय याचे तिला असलेले अज्ञान आणि पोलीस ठाण्याविषयी गरिबाच्या मनात बसलेली दहशत, यांपैकी काहीही न्यायालयाने ध्यानात घेतले नाही, अशी त्यांची तक्रार होती.

पत्र वर्तमानपत्रांच्या हाती पडले आणि १९८० च्या आरंभी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुंबईत याच वर्षी बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. निकालाचा पुनर्विचार व्हावा ही विनंती न्यायालयाने मान्य केली नाही. म्हणजे त्या मुलीच्या पदरात शेवटपर्यंत काहीच पडले नाही. तथापि १९८३ साली दंडसंहिता व पुराव्याचा कायदा बदलला. पोलिसांच्या, तुरुंगाच्या किंवा रुग्णालयाच्या ताब्यातील स्त्रीवर अत्याचार झाला आणि संमती नव्हती असे तिने शपथेवर सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे असे ठरले. खटला बंद दालनात चालावा आणि नाव गुप्त राहावे हेही तेव्हाच ठरले.

या दुरुस्तीत एक उणीव राहिली आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती फार मोठी आहे. ज्यांच्या हाती स्त्री सापडते अशांच्या त्या यादीत शिपाई होता, तुरुंगाधिकारी होता, रुग्णालयाचा चालक होता, पण शिक्षक नव्हता. शिक्षक हा शब्द त्या कलमात येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. मधली तीस वर्षे कायद्याने असे मानले की गुरूच्या हाती शिष्या सापडू शकत नाही. गुरुपदाविषयीचा आपला पिढीजात आदर याच्या मुळाशी असावा असा आमचा तर्क आहे. आदर वाईट नव्हे, पण ज्याच्यावर तो ठेवावयाचा त्याच्या हातातले गुण, शिफारस व पदवी ही देखील एक प्रकारची बेडीच असते, हे विसरले गेले.

येथे थोडे आडवळणाने जाऊन एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अजून असे बोलले जाते की असली प्रकरणे झाकलेलीच बरी, मुलीची अब्रू जाते, आणि आपल्या शास्त्रालाही हेच मान्य आहे. शास्त्राच्या नावावर हे खपविणारांनी शास्त्र पाहिलेले नसते. वसिष्ठांच्या धर्मसूत्रात, जिच्यावर बळजबरी झाली किंवा जी चोरांच्या हाती सापडली अशा स्त्रीचा त्याग करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. अत्रीचे म्हणणेही त्याच धर्तीचे आहे. देवलस्मृतीत तर परचक्रात पळविल्या गेलेल्या स्त्रियांना पुन्हा घरात घेण्याचा विधीच दिलेला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या वचनांचा परामर्श घेतलेला आहे, आणि ते काही सुधारकी उत्साहाने वाहून जाणारे गृहस्थ नव्हते. शुद्धीचा विधी स्त्रीला का, ज्याने कृत्य केले त्याला का नाही, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. पण टाकून द्या, गप्प बसवा, हे शास्त्राने सांगितलेले नाही. ते आपण आपल्या सोयीसाठी लावून घेतले आहे.

आता दुसरी स्त्री. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचे गाव आहे. तेथील भंवरीदेवी ही कुंभाराची स्त्री सरकारच्या स्त्रीविकासाच्या कामात 'साथिन' म्हणून राबत होती. गावातील एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबविण्याचा तिने यत्न केला, आणि त्या रागातून २२ सप्टेंबर १९९२ रोजी तिच्यावर सामुदायिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना अत्याचाराच्या आरोपातून सोडले. भंवरीदेवीने आपले नाव लपविले नाही. तिच्या बाजूने काही स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांनी निराळाच मुद्दा मांडला. ही बाई आपले नेमून दिलेले काम करीत असताना तिच्यावर हे ओढवले. मग काम करणाऱ्या स्त्रीला कामाच्या जागी संरक्षण देण्याची जबाबदारी कोणाची?

१३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर व न्यायमूर्ती कृपाल यांनी त्याचे उत्तर दिले. सुजाताबाई पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. संसद कायदा करीपर्यंत हेच नियम कायद्याप्रमाणे पाळावेत असे सांगून न्यायपीठाने तक्रार समितीची रचना घालून दिली. समितीची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, आणि संस्थेबाहेरचा एक जाणता सभासद असावा, म्हणजे वरून दडपण आले तर निदान एकजण तरी त्याला बांधलेला नसेल. नियमांत 'कामाच्या जागा' या शब्दांपुढे 'व इतर संस्था' असे शब्द होते. या शब्दांच्या फटीतून विद्यापीठे आत आली.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने १९९९ साली जी समिती स्थापिली तिची आठवण अजून काढली जाते. तिच्यात विद्यार्थ्यांचे व अध्यापकांचे प्रतिनिधी निवडून येत. निवडणुकीच्या निमित्ताने दरवर्षी हा विषय भोजनगृहांतून चर्चिला जाई आणि नव्याने आलेल्या मुलीलाही समितीतली माणसे तोंडओळखीची होत. आमच्या मते तिचे खरे सामर्थ्य यात होते. ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही त्याच्यापुढे कोण तोंड उघडील?

परंतु देशभर चित्र असे नव्हते. बहुतेक ठिकाणी समित्या कागदावर होत्या आणि जेथे त्या काम करीत तेथे एक विचित्र अडचण उभी राही. समिती चौकशी करी, साक्षी घेई, निष्कर्ष देई, आणि मग संस्था म्हणे की ही केवळ प्राथमिक चौकशी झाली, आता सेवानियमांप्रमाणे खरी चौकशी व्हावयाची. मुलीने मग तेच सारे दुसऱ्यांदा सांगावयाचे, तेही नवख्या पुरुष अधिकाऱ्यांपुढे. सोसणे एकदाच घडते, पण सांगणे किती वेळा घडावे याला सीमा नव्हती. घरी सांगा, वसतिगृहाच्या अधीक्षिकेला सांगा, समितीला सांगा, पोलिसाला सांगा, डॉक्टरला सांगा, न्यायालयात सांगा, आणि प्रत्येक ठिकाणी ऐकणारा आधी संशयाने पाहणार. कित्येक तक्रारी मागे घेतल्या गेल्या त्या खोट्या होत्या म्हणून नव्हे. पुन्हा सांगण्याचे त्राण उरले नव्हते म्हणून.

ही गाठ सुटण्यासही पुन्हा एक पत्रच कारणीभूत झाले, आणि तेही पुण्याहून गेले. आलोचना या पुण्यातील स्त्रीविषयक अभ्यासकेंद्राच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले की १९९७ चे नियम पाळलेच जात नाहीत, आणि त्यांनी त्याची उदाहरणे दिली. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. २६ एप्रिल २००४ रोजी आदेश झाला की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल समजावा. दुसऱ्यांदा सांगणे त्या दिवशी, निदान कायद्यापुरते, टळले. या अर्जाचा अंतिम निर्णय १९ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला.

पुढे दोनच महिन्यांनी दिल्लीत १६ डिसेंबरची ती घटना घडली. बळी पडलेली तरुणी भौतिकोपचाराची विद्यार्थिनी होती. त्यानंतर नेमलेल्या समितीचे प्रमुख पुन्हा तेच निवृत्त सरन्यायाधीश वर्मा होते आणि त्यांनी महिन्याभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल दिला. त्या वर्षी दंडसंहिता सुधारली. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा पीडितेवर ताबडतोब व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, नाकारल्यास तो गुन्हा, असा नियम झाला. जी अपमानास्पद शारीरिक तपासणी वर्षानुवर्षे चालत आली होती तीही सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याज्य ठरविली. कामाच्या जागेसंबंधीचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये अमलात आला.

विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. ते शांतपणे वाचण्याजोगे आहेत, कारण ते करणारांना शिक्षणसंस्थांची आतली रीत चांगली ठाऊक होती असे दिसते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांपैकी कोणीही समितीवर असू नये असे त्यांत आहे. कारण उघडच आहे. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर पदवी, पदव्युत्तर व संशोधन या तिन्ही पायऱ्यांवरचे एकेक निवडून आलेले विद्यार्थी समितीत बसावेत. मुलगी स्वतः तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल तर तिच्या वतीने नातेवाइकाने, सहाध्यायाने किंवा मैत्रिणीने करावी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हाती तिची उत्तरपत्रिका किंवा प्रबंध राहू नये. संशोधन करणारी मुलगी आपल्या मार्गदर्शकाविरुद्ध का बोलत नाही हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. पाचसहा वर्षांचे काम एका माणसाच्या स्वाक्षरीवर लोंबत असते. मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही अत्याचाराला बळी पडू शकतात हे या नियमांनी मान्य केले आहे.

नियम एवढे चांगले असून काय होते ते सप्टेंबर २०१७ मध्ये काशीस दिसले. मालवीयजींच्या हिंदू विश्वविद्यालयात, जेथे विश्वनाथाचे भव्य मंदिर आवारातच आहे, २१ तारखेच्या संध्याकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची छेड काढण्यात आली. तो दिवस घटस्थापनेचा होता. तक्रार घेऊन गेलेल्या मुलीला, तू या वेळी बाहेर का होतीस, असे विचारले गेल्याचे विद्यार्थिनींनी सांगितले. दुसऱ्या दिवशी शेकडो मुली सिंहद्वारापाशी येऊन बसल्या. त्यांचे मागणे रस्त्यावर दिवे लावा, पहारेकऱ्यांना उत्तरदायी करा, असे साधे होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्यावर लाठ्या चालल्या. घरोघरी देवीचे घट बसलेले असताना हे झाले. पुढे कुलगुरू रजेवर गेले आणि विश्वविद्यालयात प्रथमच एक स्त्री मुख्य अनुशासक नेमली गेली. दिल्लीतील ती निवडून येणारी समितीही याच महिन्यात मोडून तिच्या जागी नेमलेली समिती आणली गेली.

तू बाहेर का होतीस, हा प्रश्न आपल्याकडील वसतिगृहांतही ऐकू येतो. मुलींना सातच्या आत कोंडले की काम भागले, असे विश्वस्तांना वाटते. अनुदान आयोगाने २०१३ साली नेमलेल्या कार्यगटाने हा मार्ग चुकीचा ठरविला आहे. संरक्षणाच्या नावाने मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने घालू नयेत असे त्याचे सांगणे आहे. आम्ही हे विशेषेकरून लिहितो याचे कारण, गोमंतकात, बेळगावात, बडोद्यास, इंदुरास आपल्या ज्ञातिसंस्थांनी व देवस्थानांच्या महाजनांनी विद्यार्थिगृहे, पाठशाळा, महाविद्यालये काढली आहेत. धर्मादाय संस्था म्हणून आपल्याला हे कायदे लागू नाहीत असा पुष्कळांचा समज आहे. २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत विश्वस्त निधीचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असली की समिती हवीच.

गोव्याला तर या बाबतीत फार कडू अनुभव आहे. मडगावात निराधार मुलांचे गृह चालविणाऱ्या, समाजात दानशूर म्हणून मिरविणाऱ्या एका गृहस्थाला १९९१ साली अटक झाली. तेथील मुलांवर तो वर्षानुवर्षे अत्याचार करीत आला होता. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. शीला बारसे यांनी या प्रकरणाचा नेटाने पाठपुरावा केला होता. सेवेच्या नावाखाली चाललेल्या घरात डोकावून पाहणे हा अपमान मानू नये, हे गोव्याने त्या वेळी मोठी किंमत देऊन जाणले. २००३ साली गोव्याने मुलांच्या रक्षणासाठी स्वतःचा कायदा केला. सगळ्या देशाचा तसा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१२ साली झाला.

त्या २०१२ च्या कायद्याकडे महाविद्यालयांचे सहसा लक्ष नसते. अकरावी-बारावीची मुले त्याच इमारतीत बसतात, आणि अठरा वर्षे पुरी झाली नाहीत तोवर कायद्याच्या लेखी ती बालके होत. त्यांच्यावर अत्याचार झाल्याचे कळले तर प्रकरण समितीत मिटविण्याचा अधिकार कोणालाही नाही. पोलिसांना कळविलेच पाहिजे, आणि हाताखालच्या माणसाचे कृत्य लपविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याच कायद्याखालील नियमांत बालकाला साह्य करणाऱ्या एका व्यक्तीची तरतूद आहे. बालकल्याण समिती तिला नेमते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा माणूस हवा की नको हे आईबापांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तो मुलीजवळ तपासाच्या पहिल्या दिवसापासून असतो, जबानीच्या वेळी शेजारी बसतो, रुग्णालयात व न्यायालयात बरोबर जातो, पुढची तारीख कोणती व तेथे काय व्हावयाचे आहे हे तिला व घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगतो, आणि ऐकलेले सारे आपल्यापाशी ठेवतो.